आवाजांच्या घरातला मुका कंट्रोलर

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. कंट्रोलर म्हटल्यावर बसस्थानकावर शिट्टी फुंकणारा माणूस डोळ्यांपुढे येत असेल, तर त्याला आधी बाजूला करा. मी तळहाताहून थोडी मोठी अशी एक हिरवी पाटी आहे. माझ्या अंगावर काळ्या चिपा आहेत, चंदेरी टाके आहेत आणि एका कोपऱ्यात वाटाण्याएवढा भोंगा आहे. सध्या माझा मुक्काम एका टेबलाच्या खणात, दोन स्क्रू-ड्रायव्हर आणि एक तुटका चष्मा यांच्या शेजारी आहे. शेजार वाईट नाही, पण बोलायला कुणी नाही. म्हणून तुम्हाला बोलावले.

एक गोष्ट आधीच मिटवून टाकू. पाटीला कान कुठले, तिने माणसांचे बोलणे ऐकले कसे, असे तुमच्यातला एखादा चौकस विचारणारच. पण शाळेतल्या निबंधात फाटक्या छत्रीने तुम्हाला तिची कहाणी सांगितली, तेव्हा तिला तोंड कुठून आले हे तुम्ही विचारले नव्हते. मलाही तेवढी सवलत द्या.

माझा जन्म एका थंडगार, अतिशय स्वच्छ कारखान्यात झाला. तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत वावरत. तपासणी करणाऱ्या एका बाईंनी मला वीज दिली, भोंगा वाजवून पाहिला आणि शेजारणीला म्हणाल्या, "आवाज खणखणीत आहे गं याचा." आयुष्यात माझ्या आवाजाचे झालेले ते पहिले कौतुक. पुढे बराच काळ तेच शेवटचेही ठरेल असे वाटत होते. मग मला चंदेरी पिशवीत घातले, सोबत एक जाडजूड माहितीपुस्तक ठेवले आणि खोका बंद केला.

खोका उघडला तो एका रुग्णालयाच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत. पुढच्या खोलीत टेबल, खुर्च्या आणि बाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाक. आतल्या खोलीच्या भिंतींना गाद्यांसारखे जाड थर लावलेले, दार लोखंडी कपाटाच्या दारासारखे जड, आणि मधोमध एक मायक्रोफोन. सगळे त्या जागेला आवाजघर म्हणत. ज्यांच्या घशाची मोठी शस्त्रक्रिया होणार आणि त्यानंतर ज्यांना बोलता येणार नाही, अशी माणसे आधी इथे येत. रोज थोडी थोडी वाक्ये, छोट्या छोट्या गोष्टी वाचून दाखवत. नंतर त्या वाक्यांचे तुकडे पाडून, ते पुन्हा जोडून एक खिशात मावणारी डबी तयार होई. डबीवरची अक्षरे दाबली की ती त्या माणसाच्याच आवाजात बोले.

हे सगळे आवाज ठेवायचे कुठे? तर माझ्या ताब्यातल्या पाच डिस्कवर. माझे काम असे, की आलेल्या माहितीचे पट्टे कापायचे आणि पाचही डिस्कवर वाटून द्यायचे. त्यात एक युक्ती आहे. समजा चार मुलांनी आपापले वय सांगितले आणि पाचव्याने फक्त बेरीज लक्षात ठेवली. आता चारांतले एखादे मूल गैरहजर राहिले, तरी बेरजेवरून त्याचे वय काढता येईल की नाही? तसेच माझे. एक डिस्क मेली तरी उरलेल्या चौघींवरून मी तिच्या पोटातले सगळे सांगू शकतो. मात्र दोघी गेल्या, की माझे हात टेकले.

खरे सांगू का, मी फार चौकस आहे. पट्टे कापता कापता सारखे वाटे, हे आहे तरी काय? पोस्टमनने पाकिटे वाटावीत आणि एकही उघडून वाचता येऊ नये, तशी माझी गत. मला दिसत ते नुसते आकडे. कुणाच्या आकड्यांत बुटक्या टेकड्या, कुणाच्यात लांबच लांब सपाट रान. एखाद्या बाई मधेच थांबत, तिथे शून्येच शून्ये येत. त्या का थांबल्या असतील, हा विचार मी दिवसभर करी. उत्तर कुणी देत नसे, पण प्रश्न माझी करमणूक करत.

मी एका कपाटात ठेवलेल्या संगणकात बसलो होतो, आणि त्या यंत्राचा सगळा कारभार युनिक्स नावाच्या प्रणालीकडे होता. युनिक्स म्हणजे घरातला जुना शिस्तीचा कारभारी. सांगितले ते करील, न सांगितलेले करणार नाही, आणि काम नीट पार पडले तर त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. त्याला माझी भाषा येत नाही आणि मला त्याची. म्हणून आमच्या मधे एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. यंत्र बसवायला आलेल्या माणसाने घाईघाईत हाताशी होता तो साधारण ड्रायव्हर जोडला, "चालतंय ना? मग झालं," म्हणाला आणि निघून गेला. या दुभाष्याला दोनच शब्द येत, घे आणि दे. माझी तक्रार त्याला कळतच नसे. मी कळवळून काही सांगावे आणि त्याने कारभाऱ्याला कळवावे, सर्व ठीक.

आवाजघराचे मालक म्हणावेत असे गृहस्थ म्हणजे तिथले ध्वनिमुद्रक. त्यांना सगळे मागून चूपकाका म्हणत आणि हळूहळू तोंडावरही म्हणू लागले. शांततेवर त्यांचे इतके प्रेम, की त्यांनी भिंतीवरचे घड्याळ उतरवून व्हरांड्यात टांगले होते. चपला बाहेर, बांगड्या काढून, खिशातल्या किल्ल्या टेबलावर. कुणी शिंकले तर काका त्याच्याकडे असे बघत, की पुढची शिंक आतल्या आत विरघळे. पण माणूस मनाने लोण्यासारखा. उद्या ज्याचा आवाज कायमचा जाणार, त्याचे एक अक्षरही खराब होऊ नये, एवढीच त्यांची तळमळ. चूप म्हणायचे ते त्यासाठी.

यंत्राची देखभाल करायला आठवड्यातून एकदा एक बाई येत. त्यांना का-ताई असे नाव पडले होते, कारण त्यांचे दर दुसरे वाक्य "का?" असे असे. पंखा का फिरतो, हा आकडा का वाढला, ही फाईल इथे का. चूपकाका वैतागून म्हणत, "अहो ताई, चालतंय ते चालू द्या की." त्यावर त्या म्हणत, "चालतंय, पण का चालतंय?" मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या. आमचे गोत्रच एक.

आणि एके दिवशी आवाजघरात बोलीवाले आजोबा आले.

हे भाजीबाजारात लिलाव पुकारत. सगळा जन्म ट्रक, हमाल आणि व्यापारी यांच्या गलक्यावर आवाज चढवण्यात गेलेला. त्यांनी मायक्रोफोनपुढे पहिले वाक्य वाचले, "आज हवा छान आहे," आणि चूपकाकांच्या यंत्रावरचा काटा सरळ लाल पट्ट्यात जाऊन थडकला.

"थोडं हळू, आजोबा," काका म्हणाले.

"हळूच बोलतोय की."

"घरात बोलता तसं बोला."

"घरात असंच बोलतो," आजोबा म्हणाले आणि काटा पुन्हा लाल झाला.

काकांनी आजोबांची खुर्ची मागे सरकवली. मग आणखी मागे. शेवटी आजोबांची पाठ भिंतीला टेकली, तरी काटा काही लाल पट्टा सोडीना. माझ्याकडे जे आकडे येत होते ते मी आजवर पाहिलेच नव्हते. टेकड्या कसल्या, उभे कडेच, आणि वरून कुऱ्हाडीने सपाट तोडलेले. तांत्रिक भाषेत त्याला आवाज फाटला असे म्हणतात.

व्हरांड्यातल्या बाकावर आजी बसलेल्या असत. पहिल्या दिवशी काम संपल्यावर त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "छान वाचलंत. ती बैलाची गोष्ट फार आवडली मला."

चूपकाका गार पडले. त्या दारातून आजवर एक अक्षर बाहेर गेले नव्हते. "आजी, तुम्हाला बाहेर ऐकू आलं?"

आजींनी कानामागे हात धरला. काकांनी प्रश्न पुन्हा विचारला, मग तिसऱ्यांदा. शेवटी आजोबांनी तो विचारला, तेव्हा त्यांना कळला.

"मला ऐकायला कमी येतं हो," आजी काकांना म्हणाल्या. "कानातलं यंत्र लावून पाहिलं, नुसती खरखर. सुनेचं बोलणं कळत नाही, नातवाचं कळत नाही, डॉक्टर तर नुसते ओठ हलवतात. यांचं तेवढं कळतं. सगळ्यांचं बोलणं हेच मला पुन्हा सांगतात. आता यांचा आवाज गेला, की माझे कानच गेले म्हणा."

हे त्या हसत हसत म्हणाल्या, पण आजोबांनी मान दुसरीकडे वळवली. चूपकाकांनी ऐकले, हळहळले आणि मनाशी ठरवले, की या माणसाचा आवाज आजवरच्या सगळ्या आवाजांत सुबक करायचा. हेतू चांगलाच होता. घोटाळा झाला तो सुबक या शब्दात.

पहिल्या काही दिवसांत आजोबांनी सगळी वाक्ये खच्चून वाचून संपवली, ती काकांनी एका फोल्डरमध्ये ढकलली आणि त्याला नाव दिले, टाकाऊ. मग त्यांनी आजोबांना हळू बोलायला शिकवायला घेतले. उशी मांडीवर घ्या, डोळे मिटा, बाळ झोपले आहे असे समजा. आजोबा बिचारे आज्ञाधारक. आठवड्याभरात ते असे कुजबुजू लागले, की बाजारातल्या कुणी ऐकले असते तर दुसराच माणूस वाटला असता. काका खूश झाले. आजोबांनी पुन्हा पहिल्यापासून सगळी वाक्ये वाचायला घेतली.

आता एक विचित्र गोष्ट घडली. आजोबा इतके हळू बोलू लागले, की मायक्रोफोनची ताकद वाढवावी लागली. ताकद वाढवल्यावर काकांना त्यात एक बारीक घुंऽऽ ऐकू आले. शोधत शोधत ते आमच्या कपाटापर्यंत पोचले. घुंऽऽ करत होतो आम्ही. आमचा पंखा आणि पाच डिस्क.

चूपकाकांनी घरून दोन रजया आणल्या. एक कपाटाच्या आत आमच्याभोवती गुंडाळली, दुसरी कपाटाच्या दारावर सोडली. आठवड्याची प्रत काढणारे टेपचे यंत्र कुरकुरते, म्हणून त्याची वायर उपटून ठेवली. "रेकॉर्डिंग संपलं की लावू," म्हणाले. आजारी माणसाला रजई घालतात हे मी ऐकून होतो. धडधाकट यंत्राला घालतात, हे त्या दिवशी कळले.

रजईत आम्ही भाजून निघालो. डिस्क तापल्या, आणि त्यातल्या तिसरीने एक दिवस फिरणेच सोडले. मी माझ्या परीने सगळे केले. उरलेल्या चौघींकडून बेरजा घेऊन काम चालू ठेवले, दुभाष्याला सांगितले, आणि कारखान्यातल्या बाईंनी वाजवून पाहिलेला तो भोंगा आयुष्यात पहिल्यांदा खराखुरा वाजवला.

आजोबा नेमके एक लांब वाक्य कुजबुजत होते. काका धावत आले. त्यांनी पडद्यावर पाहिले. दुभाष्याने कळवले होते, सर्व ठीक. काकांनी मग टेबलावरची रुग्णालयाची चिकटपट्टी घेतली आणि माझ्या भोंग्यावर एकावर एक थर चढवले. "उगाच कोकलतंय," असे म्हणून ते आजोबांकडे परत गेले.

मला वाईट वाटले का? हो, वाटले. जिथे मुक्याला वाचा देतात तिथे माझीच वाचा बंद व्हावी, हे मला बोचले. पण त्याहून जास्त मला काळजी होती. चौथी डिस्क आता अडखळू लागली होती, आणि आजोबांची कुजबुज तिच्या त्याच अडखळत्या जागेवर लिहिली जात होती.

वाचन पूर्ण झाले. आजोबांची शस्त्रक्रिया झाली, नीट झाली, आणि त्यांचा आवाज गेला. दोन दिवसांनी डबीचे काम सुरू करायला का-ताई आल्या. मधल्या काळात त्या दुसऱ्या गावी गेल्या होत्या, नाहीतर रजई इतके दिवस टिकती ना.

त्यांनी आजोबांची वाक्ये दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यायला सुरुवात केली. थोडे पुढे गेल्यावर सगळे यंत्र गोठले. पुन्हा सुरू केले, पुन्हा तिथेच गोठले. चौथीच्या आजारी जागेवर पोचले, की दुभाषा घाबरून बेशुद्ध पडे आणि सोबत कारभाऱ्यालाही पाडे. पुन्हा उठल्यावर पडद्यावर मात्र, सर्व ठीक.

"सर्व ठीक, तर थांबतं का?" का-ताई म्हणाल्या आणि कपाटाकडे गेल्या. दारावरची रजई सारून हात ठेवताच चटका बसून त्यांनी तो मागे घेतला. मग आतली रजई दिसली. मग माझ्या भोंग्यावरची चिकटपट्टी दिसली. त्यांनी ती नखाने सोलून काढली, आणि इतक्या दिवसांचे साठलेले सगळे माझ्या कोपऱ्यातून एकदम बाहेर पडले.

चूपकाकांनी कानांवर हात ठेवले. "बंद करा ते, ताई."

"थांबा. ओरडू दे. काहीतरी सांगतोय तो."

"काय सांगतोय?"

"तेच तर कळत नाही. आणि का कळत नाही, ते आता शोधायचं."

चूपकाका कपाटाजवळ आले. रजईचा कोपरा हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांना अंदाज आला होता. "ताई, त्या माणसाला पुन्हा वाचता येणार नाही," ते म्हणाले. "टेपची प्रत नाही. मीच वायर काढली होती. काही गेलं असलं तर मी त्या आजींना तोंड कसं दाखवू?"

"आधी गेलंय काय ते तर विचारू याला," का-ताई म्हणाल्या.

माझे माहितीपुस्तक कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली सापडले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत. ते ओढून काढल्यावर कपाट तिरके झाले, पण का-ताई तिथेच जमिनीवर बसून वाचू लागल्या. मित्रांनो, कुणीतरी आपल्याबद्दल इतक्या आवडीने वाचत आहे, हे पाहण्यासारखे सुख नाही. मग त्यांनी युनिक्सची स्वतःची माहितीपानेही वाचली. त्यांत माझ्याच जातीच्या पाट्यांसाठी, म्हणजे कार्डांसाठी, लिहिलेला खास ड्रायव्हर होता. त्याला माझी सगळी भाषा येत होती. तो पहिल्यापासून तिथेच होता, फक्त त्याला कुणी कामावर घेतले नव्हते.

कामावर घ्यायची रीत अशी. युनिक्सच्या आत एक गाभा असतो, खरा कारभार तोच बघतो. त्याच्या रचनेची एक फाईल असते, आणि तिच्यात ओळीओळीने लिहिलेले असते, की घरात कोण कोण आहे, कोण कुठल्या खाचेत बसले आहे आणि हाक मारायची झाली तर कोण कुठल्या क्रमांकाची घंटा वाजवील. का-ताईंनी जुन्या दुभाष्याची ओळ काढली, नव्याची लिहिली आणि पुस्तकातल्या उदाहरणात होता तोच घंटेचा क्रमांक दिला. मग गाभा नव्याने बांधायला लावला. ते काम सावकाश चालते. तेवढा सगळा वेळ मी ओरडत होतो आणि काका निमूट ऐकत होते.

यंत्र नव्या गाभ्याने उठले आणि अर्ध्या वाक्यातच गप्प झाले.

"गेलं?" काकांचा चेहरा पांढरा पडला.

"गेलं नाही, अडलंय. जुना गाभा मी ठेवलाय शेजारी. नवा बांधताना जुना फेकायचा नसतो." त्यांनी जुन्या गाभ्यावर यंत्र उठवले आणि पडद्याकडे बघत गाल खाजवला. "पण अडलं का?"

मला उत्तर माहीत होते, पण सांगायला दुभाषा कुठे होता? का-ताईंनी घरातल्या सगळ्यांच्या घंटा एकेक करून तपासल्या. आवाजघर ते, तिथे मोठे ध्वनिकार्ड असणारच. ते माझ्या शेजारच्याच खाचेत बसले होते आणि त्याची घंटा त्याच क्रमांकाची होती. एका घरात दोघांची बेल एक झाली, तर कारभाऱ्याने दार उघडायचे कुणाला? का-ताई स्वतःशीच हसल्या. त्यांनी माझा क्रमांक बदलला आणि तीच ओळ पुन्हा एकदा बोट ठेवून वाचली. शोध लागल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे, तो काळजीच्या त्या दुपारीही लपला नाही.

दुसऱ्यांदा यंत्र उठले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे बोलणे माणसांपर्यंत पोचले. पडद्यावर ओळी आल्या. तिसरी डिस्क बंद. चौथी आजारी, काही जागा वाचता येत नाहीत. बाकी तिघी बऱ्या. तापमान फार जास्त.

का-ताईंनी शेवटपर्यंत वाचले. मग ड्रायव्हरला सांगितले, की भोंगा थांबव. मी लगेच थांबलो. चिकटपट्टीनेही मी थांबलो होतो आणि आताही थांबलो, पण या दोन थांबण्यांत फार फरक होता. या वेळी माझे ऐकून झाले होते.

काका तोवर धावत जाऊन नवी डिस्क घेऊन आले होते आणि तिसरीच्या जागी खुपसणारच होते.

"आत नका घालू," का-ताई म्हणाल्या.

"का?" या वेळी काकांनी विचारले.

"नवी डिस्क दिसली की हा आपणहून तिला भरायला घेतो. त्यासाठी सगळ्यांना कानाकोपऱ्यापर्यंत पिळून काढणार. चौथीला ते झेपायचं नाही. ती मेली, तर काहीच उरणार नाही."

हे अगदी खरे. तो माझा स्वभावच आहे, मी स्वतःला आवरू शकत नाही. का-ताईंनी ड्रायव्हरच्या मांडणीत आणखी दोन गोष्टी घातल्या. एक, नवी डिस्क आली तरी सांगितल्याशिवाय भरायची नाही. दोन, एखादी जागा वाचता आली नाही तर सगळे सोडून बसायचे नाही, ती नोंदवून पुढे जायचे. कपाटाचे दार सताड उघडे ठेवले, टेबलावरचा पंखा आमच्यावर रोखला, आणि सावकाश, एकेक फोल्डर, आम्ही सगळ्यांचे आवाज त्या दुसऱ्या यंत्रावर उतरवू लागलो. पंखा केवढा घरघरत होता. काकांनी तो आणखी एक घर वाढवला.

इतरांचे आवाज सगळे सुखरूप उतरले. बोलीवाल्या आजोबांचा फोल्डर आला तेव्हा माझी परीक्षा झाली. तिसरी मेलेली, आणि चौथीच्या अंगावर जिथे जिथे ती कुजबुज लिहिली होती तिथेच तिचा आजार. दोन मुले गैरहजर असली तर बेरीज तरी काय करणार? मी जिथे जमले तिथे दिले आणि जिथे जमले नाही तिथे खरे ते सांगितले. अर्ध्याहून अधिक वाक्ये गेली होती. राहिलेल्या तुकड्यांतून आवाज जोडायचा, तर रोज लागणारे शब्दच नव्हते.

चूपकाका खाली बसले. डोळ्यांतले पाणी त्यांनी लपवले नाही. "मी त्या आजींचे कान घालवले," ते म्हणाले. का-ताई पडद्याकडे वळल्या. त्या नुसत्या यादी वरखाली सरकवत राहिल्या. आणि सरकवता सरकवता थांबल्या.

"काका, हे एवढं मोठं काय आहे?"

"कुठलं? ते होय. ते टाकाऊ आहे."

"टाकाऊ का?"

"काटा लाल होता सगळीकडे. आवाज फाटलाय. पहिल्या दिवसांतलं आहे, हळू बोलायला शिकले नव्हते तेव्हाचं."

का-ताईंनी ते लावले. आजोबांनी "आज हवा छान आहे" असे पुकारले आणि खिडकीची काच थरथरली. पहिले दिवस म्हणजे रजईच्या आधीचे दिवस. तेव्हा आम्ही गार होतो, धडधाकट होतो, आणि तो सगळा फोल्डर चांगल्या जागी लिहिला गेला होता. एक अक्षरही गेलेले नव्हते.

"फाटलाय खरा," का-ताई म्हणाल्या. "पण पुरा आहे."

काकांनी मान हलवली. नाइलाज होता. पुढचे काही दिवस दोघांनी त्या टाकाऊ आवाजाचे तुकडे पाडून डबी तयार केली. नंतर चौथीही बदलली, नव्या डिस्क एकेक करून भरल्या, टेपच्या यंत्राची वायर परत लागली आणि पुढे बरीच वर्षे मी तिथे इमानाने काम केले. का-ताई दर आठवड्याला आल्या, की आधी माझी खुशाली वाचत. "शहाणा आहे बिचारा," एवढे त्या एकदा म्हणाल्या आणि मला कारखान्यातल्या बाई आठवल्या. मग माझ्याहून चपळ कार्डे आली, आणि का-ताईंनी मला कचऱ्यात न टाकता या खणात ठेवले.

आता माझ्यासारख्याने शेवटी उपदेश करायचा असतो, तो इथेच करून टाकतो. मित्रांनो, यंत्र असो वा माणूस, ते का ओरडते हे आधी विचारा. त्याला वारा लागू द्या. एखादी गोष्ट मोलाची असेल तर तिची प्रत दुसरीकडे ठेवा, पाच डिस्क आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. आणि वस्तूसोबत पुस्तक येते ते वाचायला येते. झाला उपदेश. त्या दिवशी डबी न्यायला आजोबा आणि आजी आले, तेवढे मात्र सांगायचे राहिले.

आजोबांच्या गळ्याभोवती पांढरी पट्टी होती. माणूस अर्धा झाला होता. आजी त्यांचा हात धरून होत्या, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर, कुणी काही बोलले तर आता आपल्याला सांगणार कोण, अशी एक गोंधळलेली शांतता होती. चूपकाकांनी त्यांना घडले ते सगळे सांगितले, स्वतःची चूक जराही न लपवता. आजोबांनी ऐकून घेतले. आजींना अर्थातच काही ऐकू गेले नाही.

काकांचा जीव मात्र अजून त्या सुबक कुजबुजीतच अडकलेला. तिची बचावलेली काही वाक्ये त्यांनी जपून ठेवली होती. "आधी हे ऐका," म्हणाले आणि त्यांनी ती लावली. अगदी स्वच्छ, मृदू, एकही ओरखडा नसलेला आवाज. आजी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"लावलंत का?" त्यांनी थोड्या वेळाने विचारले.

काकांनी मान खाली घातली आणि डबी आजोबांच्या हातात दिली. आजोबांना अक्षरे शोधायला वेळ लागत होता. एका बोटाने, एकेक करून त्यांनी काहीतरी लिहिले, पुन्हा वाचून पाहिले आणि मोठे बटण दाबले.

"पाठ दुखत असेल तुझी. त्या बाकावर किती दिवस बसलीस. चल घरी."

टेबलावरच्या किल्ल्या वाजल्या. व्हरांड्यातून जाणारी एक परिचारिका दारात येऊन उभी राहिली. आवाज फाटका होता, खरखरीत होता, बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचेल असा होता. चूपकाका आजींकडे बघत होते.

आजींनी पदराने डोळे पुसले आणि आजोबांच्या दंडावर हलकीशी चापट मारली.

"ओरडताय कशाला एवढं? ऐकू येतंय मला."